मोहाचं तेल, अखाद्य म्हणे

वाचा. नाही, वाचाच तुम्ही, मोठ्यानं वाचा, येतं ना वाचायला? काय लिहिलंय भिंतीवर? 'येथे अखाद्य तेलापासून इंधन तयार होते.' अखाद्य! आणि खाली कुणाचं नाव? 'लाभार्थी : बिसाहूराम मरकाम.' तो मीच. लाभार्थी म्हणे. बघा माझ्याकडे नीट, कुठे काही लाभ दिसतोय का? पौषातली सकाळ, बोलताना तोंडातून वाफ निघतेय, तुम्ही आठ-दहा माणसं भाताची पोती घेऊन डोंगर उतरून आलात आणि माझी भातगिरणी बंद. का बंद? तर इंधन थिजलंय. हा कॅन बघा, उलटा करतो, बघा, पडतोय थेंब? तुपासारखं बसलंय आत. आता तुम्ही म्हणाल चुलीजवळ ठेव की बाबा, घर समोरच आहे. ठेवतो. ठेवणारच आहे. पण जरा ऊन येऊ द्या त्या सालाच्या झाडांवर, उन्हानंच काम झालं तर बरं, चुलीचं प्रकरण वेगळं आहे, ते सांगतो. बसा पोत्यांवर. शेकोटीला सरका पुढे.

तर अखाद्य. म्हणजे जे खाता येत नाही ते. आणि तेल कुठलं, तर मोहाच्या बियांचं, टोरीचं. आता तुम्ही या मैकलच्या डोंगरातलीच माणसं, तुम्हाला मी टोरीचं तेल काय सांगू? चैतात मोहाची फुलं वेचली, आषाढाच्या तोंडाशी फळं पडली, गर पोरांनी आणि गुरांनी खाल्ला, उरली ती टोरी, ती फोडली, वाळवली, घाण्यावर नेली, झालं तेल. भाजी त्यात, फोडणी त्यात, सणाचा चौसेला त्यातच तळायचा. हात वर करा बघू, कुणी हे तेल खाल्लं नाही असं? बघा. एक हात नाही. त्या म्हातारबाबांचा वर आलाय तो शेकायला आलाय. म्हणजे आपण सगळे जन्मापासून अखाद्य खातोय आणि कुणाला पत्ता नाही! आज्जा खात होता, पणजा खात होता, ते जिवंत कसे राहिले हे सरकारला विचारायला हवं.

आणि ज्याच्या हातानं हे लिहिलंय ना भिंतीवर, तो हातही माझाच. पेंटर आला नाही म्हणून साहेब म्हणाले, बिसाहू, अक्षर बरं आहे तुझं, घे ब्रश. घेतला. स्वतःच्या आईच्या तेलाला स्वतःच्या हातानं अखाद्य लिहिलं. अजून डोकं तडकतं माझं.

पहिल्यापासून सांगतो. हे इंजिन माझ्या बापाचं. एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू होणारं, चालायला लागलं की पार पलीकडच्या टेकडीवर ढुक-ढुक ऐकू जातं आणि बाया म्हणतात, चला, गिरणी उघडली. पण त्याला लागतं डिझेल, आणि डिझेलचा पंप आहे बाजाराच्या गावाला, आणि पावसाळ्यात मधला नाला असा फुगतो की पंधरा-पंधरा दिवस पलीकडे जाता येत नाही. मग गिरणी बंद. मग बाया घरातली जुनी ढेंकी काढणार, पायानं भात कांडणार, आणि प्रत्येक दणक्याला कुणाचं नाव घेणार? माझं. माझ्या बापाचंसुद्धा, म्हणजे गेलेल्या माणसालाही सुट्टी नाही.

तर दोन वर्षांमागची गोष्ट, वैशाखातली, डिझेल संपलेलं, लग्नसराई, तांदूळ तर सगळ्यांनाच हवा. मला वाटलं, तेल ते तेल. घरातलं टोरीचं तेल गाळलं फडक्यातून, ओतलं टाकीत, मारलं हँडल. आणि चाललं की हो! पहिल्या हिसक्यात चाललं! तुम्हाला सांगतो, तो दिवस मी विसरणार नाही, कारण धुराड्यातून जो वास सुटला... चौसेल्याचा! तांदळाची पुरी कढईत टाकल्यावर येतो तो वास, अख्ख्या गावावर. कुत्री येऊन बसली गिरणीपुढे. गुरुजींनी शाळा अर्धा तास आधी सोडली, म्हणाले पोरांचं लक्ष लागत नाही, माझंही लागत नाही. लोक भात भरडायला यायचे आणि जाताना रागावून जायचे, की नुसता वास देतोस, खायला काही नाही.

तीन आठवडे चाललं. मग इंजिन खोकायला लागलं. मग काळा धूर. मग बसलंच. बाजारातून हफीज मिस्त्रींना आणलं, सायकलच्या मागे बसवून. त्यांनी नोझल काढला, नाकाशी धरला, माझ्याकडे बघितलं.

"बिसाहूभाई, याला काय खाऊ घातलंत?"

म्हटलं, "तेल."

"कुठलं तेल?"

"आपण खातो तेच."

"मग दुखणंही माणसाचंच लागलंय याला. पोट साफ नाही. सगळं आतड्यात जळून बसलंय." आणि असा कोळसा खरवडून काढला त्यांनी नोझलवरून, चिमटीनं. म्हणाले, तेल वाईट नाही, पण जाडं आहे, इंजिनाला पचत नाही, पातळ करून द्यायला हवं, शहरात करतात म्हणे काहीतरी औषध घालून. एवढं बोलले आणि गेले. आणि हे बोलणं बाजारातून फिरत फिरत पोचलं कुठे? जिल्ह्याच्या कचेरीत. पटेरिया साहेबांच्या टेबलावर.

पटेरिया साहेब वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे त्यानं तुमचा गैरसमज होईल. पण माणसाला एक सवय असते बघा, कागदावर आहे तेच जगात आहे. गावात सभा घेतली त्यांनी, चावडीपुढे, एक तक्ता आणला होता गुंडाळी केलेला, तो खिळ्याला लावला, आणि काठीनं दाखवायला लागले, करंज, रतनजोत, कुसुम, मोह, "ही सगळी अखाद्य तेलं. खाण्याच्या कामाची नाहीत, जंगलात वाया जातात, त्यांच्यापासून डिझेल इंजिन चालवायचं, देशाचं तेल वाचवायचं." वाया जातात! माझी दाई पुढेच बसली होती. दाई म्हणजे माझी आई. सत्तरीची आहे, पण सभेत तिला मागे बसवून दाखवा. ती उठली.

"साहेब, ते अखाद्य म्हणजे काय?"

"जे खाता येत नाही ते, दाई."

"आणि मोह त्यात आहे?"

"हो, हे बघा ना, चौथ्या नंबरावर."

"मग मी सकाळी भाजी कशात केली?"

सगळे हसले. साहेब नाही हसले. साहेबांनी तक्त्याकडे बघितलं, मग दाईकडे बघितलं, मग परत तक्त्याकडे, की दोघांतलं खोटं कोण. मग अगदी प्रेमानं म्हणाले, "दाई, तुम्ही खाता ते ठीक आहे. पण ते अखाद्य आहे." दाई खाली बसली. मला म्हणाली, "बिसाहू, या माणसाच्या घरी स्वयंपाक कोण करतं रे?"

तेव्हाच मी उठून जायला हवं होतं. पण मी बसलो. का बसलो? कारण साहेब म्हणाले, यंत्र फुकट, औषध फुकट, पावसाळ्यात गिरणी बंद पडणार नाही, आणि सगळ्या पंचक्रोशीत पहिली गिरणी बिसाहूची. हे 'पहिली' म्हटलं ना, की माझ्या अंगात येतं. जन्मापासून आहे ते. माझ्या आधीची दोन मुलं गेली दाईची, म्हणून मी झालो तेव्हा तिनं मला शेजारणीला पसाभर कण्यांना विकलं आणि परत विकत घेतलं, म्हणून नाव बिसाहू, विकत आणलेला. तर विकत आणलेल्या पोराला सारखं वाटत राहतं, आपली किंमत दाखवावी. दाखवली मी. दाखवली चांगली.

यंत्र आलं. यंत्र म्हणजे काय, तीन पिंपं आणि एक ढवळणी. एका पिंपात तेल तापवायचं, दुसऱ्यात स्पिरिट आणि कॉस्टिक कालवून त्यात सोडायचं, ढवळायचं, मग तसंच ठेवून द्यायचं. खाली काळं चिकट बसतं, बाया त्याचा साबण करतात आता, आणि वर तरंगतं ते पातळ, पिवळं, पाण्यासारखं. ते धुवायचं, सुकवायचं, टाकीत ओतायचं. आणि खोटं कशाला बोलू, चाललं. झकास चाललं. सुरुवातीला टाकीतली बापाच्या काळातली सगळी घाण विरघळून फिल्टरमध्ये आली, रबरी नळी फुगली ती बदलली, पण मग पाऊसभर, तुम्हाला सांगतो, नाला दुथडी भरलेला आणि माझी गिरणी ढुक-ढुक-ढुक. ढेंक्या माळ्यावर गेल्या. बाया माझं नाव घेईनात. मला रागही आला असता तर कुणावर? रागाचं कारण पुढे आहे.

पिंपं भरायला टोरी लागते. गावातून गोळा केली, बाजारभावानं घेतली, तरी साहेब म्हणाले कमी पडतेय बिसाहू, पहिल्या खेपेचा आकडा मोठा दिसला पाहिजे. आणि आमच्या घराच्या मागे अंगणात दोन सुपं, चार टोपल्या टोरी वाळत घातलेली. दाईची. तिची दोन झाडं आहेत ओढ्याकडे, तिच्या सासूनं तिला दिलेली, त्यांच्याखालची टोरी तिच्याशिवाय कुणी उचलत नाही. दाई गेली होती बाजाराला. मी टोपल्या उचलल्या. हो, मीच. मनात म्हटलं, पैसे देऊ, पाकिटातलं तेल आणू, सोयाबीनचं, चकचकीत, काय फरक पडतो? आणि खरं सांगू, मनात आणखी एक होतं. तक्त्यावर होतं ना अखाद्य. एकदा मनात बसलं की हे खाण्याचं नाही, की माणूस आईच्या ताटातलंही बिनधास्त उचलतो.

दाई आली. अंगण बघितलं. गिरणीकडे बघितलं. आत जाऊन चूल पेटवली. मला वाटलं, चला, राग नाही आला. दुसऱ्या दिवशी कळलं राग कशाला म्हणतात. बायकोला म्हणाली, मी समोर उभा असताना, "रमशीला, तुझ्या नवऱ्याला सांग, पाणी तापलंय." तेव्हापासून सगळं तसंच. "रमशीला, त्याला सांग गाय सुटलीय." "रमशीला, त्याला सांग बाजूला हो." मी एवढा टोणगा समोर! आणि मी बाटलीत भरून ठेवलेलं ते पाकिटातलं तेल तिनं बोटाला लावलं, वास घेतला, आणि परत बाटलीवर बूच लावलं. म्हणाली, "याला वासच नाही. हे खरं अखाद्य." आणि बिनतेलाची भाजी खायला लागली. उकडायची, मीठ टाकायचं, खायचं. सहा महिने! आषाढापासून पौषापर्यंत! मी ताटावर बसलो की समोर ती उकडलेली लाल भाजी चावतेय आणि माझ्याकडे बघतही नाही. वाळत चालली होती हो. हाताच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. रमशीला म्हणाली, "माफी मागा." मी म्हटलं, "मागू कशी, ती ऐकायला उभी राहील तर ना." खरं म्हणजे मागायची हिंमत नव्हती.

तिच्याकडे एकच डबा होता तेलाचा, मागच्या वर्षीचा, निळा, झाकणाला फडकं बांधलेला. त्याला ती हात लावत नव्हती. तो छेरछेऱ्याच्या सणासाठी. पौषी पुनवेला चौसेला तळायचा तर टोरीच्याच तेलात, नाहीतर तळायचाच नाही.

आणि राजधानीतल्या मोठ्या साहेबांना गिरणी बघायला यायला दिवस कुठला सापडावा? छेरछेऱ्याचा! पटेरिया साहेबांना म्हटलं, साहेब, त्या दिवशी गावात कुणी जाग्यावर नसतं, लहानथोर सगळे दारोदार धान मागत फिरतात. तर म्हणतात, "उत्तम, लोकसहभाग दिसेल." आणि आदल्या दिवशी येऊन मला बजावलं, "हे बघ बिसाहू, गावात डिझेलचा एक थेंब दिसता कामा नये. उद्या कुणी म्हणायला नको की आपण चोरून डिझेल घातलं. इंजिन चाललं तर यंत्र इथे राहील. नाही चाललं तर उचलून दुसऱ्या गावाला." म्हणजे काय? म्हणजे पुढच्या पावसाळ्यात परत ढेंकी. परत बापाचा उद्धार. मी जे होतं नव्हतं ते डिझेल हफीज मिस्त्रींकडे पोचवलं. टाकी धुतली. आपलं अखाद्य काठोकाठ भरलं.

सकाळी उठलो. एरवी थंडीत मी गिरणी दुपारी, ऊन तापल्यावर उघडायचो, त्या दिवशी साहेबांसाठी सकाळीच. गवतावर दहिवर पांढरं झालेलं. दोन गाड्या आल्या, धुळीसकट. मोठे साहेब उतरले, कानाला मफलर, हातमोजे. पटेरिया साहेब तक्ता घेऊन. मी हार घातला, नारळ फोडला, हँडल लावलं, मारलं. फट्. परत मारलं. फट्. दहा वेळा मारलं. खांदा निखळायची पाळी आली. नळी सोडून बघितली तर आत मेणबत्ती! टाकीचं झाकण उघडलं तर वर साय! बोट घातलं तर बोटाची खूण राहिली!

आणि इथे मला असा राग आला ना, असा राग... तो साहेबांचा नाही, माझा स्वतःचा. सांगा मला, टोरीचं तेल पौषात थिजतं हे कुणाला माहीत नाही? पोरांना माहीत आहे! म्हणून तर प्रत्येक घरात दिवाळीपासून तेलाचा डबा चुलीच्या कडेला सरकतो. आमच्या घरी मी स्वतः सरकवतो! चाळीस वर्षं! पण 'तेल' थिजतं हे माहीत होतं हो, 'इंधन' थिजतं हे कुणाला माहीत? स्पिरिट घातलं, कॉस्टिक घातलं, नाव बदललं, की मला वाटलं तेलाची सवयही बदलली. अखाद्य ना ते! मग स्वयंपाकघरात विचारायचं कशाला? साहेबांनी विचारलं नाही. तज्ज्ञांनी विचारलं नाही. मी त्या तेलावर वाढलेला, मलाही विचारावंसं वाटलं नाही. आणि जिला सगळं ठाऊक होतं ती माझ्याशी बोलत नव्हती.

पटेरिया साहेब माझ्या कानाशी आले, आवाज असा बारीक झालेला, "बिसाहू, डिझेल आहे का रे थोडं?"

म्हटलं, "साहेब, आपणच तर..."

"हो, हो. तरी पण? कुठे तळाशी?"

मोठे साहेब घड्याळ बघत होते. उन्हाला यायला तास होता. टाकीभर इंधन वितळवायला तर दोन तास. कुणाकडे चुलीच्या उबेला ठेवलेलं, पातळ, इंजिनात ओतता येईल असं तेल होतं? बाकी गावाची टोरी तर माझ्याच पिंपांत गेलेली, उरलं होतं ते एकाच घरात. चौसेल्यासाठी. चुलीवर चढायच्या बेतात.

मी रिकामा कॅन घेतला आणि घराकडे धावलो. दाराशी पोचलो आणि थांबलो. आत दाई कढईसमोर बसलेली, निळ्या डब्याचं फडकं नुकतंच सोडलेलं. कुठल्या तोंडानं मागणार? सहा महिन्यांपूर्वी टोपल्या उचलल्या, आता राहिलेला डबाही दे म्हणू? रमशीला नव्हती घरात, निरोप सांगायलाही कुणी नव्हतं. पलीकडच्या दारात पोरं 'छेरछेरा, छेरछेरा' ओरडत होती, तिथली म्हातारी सुपातून धान घालत होती त्यांच्या झोळीत. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. स्वतःच्या दारात उभा राहून, पन्नाशीला आलेला माणूस, म्हणालो, "छेरछेरा."

छेरछेऱ्याला दारात जो मागायला उभा राहील त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. वैऱ्यालासुद्धा नाही. तिला ठाऊक, मला ठाऊक. तिनं वळून बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा बघितलं माझ्याकडे. उठली, कोठीकडे गेली, सूप भरून धान आणलं. मी झोळी पुढे केली नाही. कॅन पुढे केला.

कॅनकडे बघितलं तिनं. गिरणीकडे बघितलं, तिथे कोट घातलेली माणसं पाय आपटत उभी. तिला सगळं कळलं. सूप खाली ठेवलं. निळा डबा उचलला आणि ओतला, सगळा, शेवटी डबा उलटा धरून बोटानं काठ पुसून दिला. मी मान वर केली नाही. मला म्हणाली, "नळीला गरम पाण्याचं फडकं गुंडाळ. डोक्यावर पण गरम पाणी ओत." इंजिनाच्या डोक्यावर. माझ्या डोक्यावर ओतलं असतं तरी मी काही बोललो नसतो.

थिजलेलं काढून टाकीत नवं ओतलं, फडकं गुंडाळलं, गरम पाणी घातलं, हँडल मारलं. ढुक. ढुक-ढुक. ढुक-ढुक-ढुक-ढुक! पटेरिया साहेबांच्या डोळ्यांत पाणी. आणि धुराड्यातून वास... चौसेल्याचा. सणाची सकाळ, थंडी, आणि तो वास. मोठ्या साहेबांनी मफलर खाली केला, नाक वर केलं.

"वा. कशाचा हो इतका छान वास?"

पटेरिया साहेब म्हणाले, "सर, अखाद्य तेलाचा."

"मला तर भूक लागली या वासानं. काही नाश्त्याचं वगैरे?"

दाई दारातून हे ऐकत होती. म्हणाली, "चौसेला होणार होता, साहेब. तुमच्या इंजिनानं खाल्ला."

मोठ्या साहेबांनी पटेरिया साहेबांकडे बघितलं. पटेरिया साहेब एक क्षणही न थांबता म्हणाले, "सर, त्या म्हणतात, गावकरी समाधानी आहेत."

आणि टाळ्या! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग ड्रायव्हरनं वाजवल्या, मग मी वाजवल्या. काय करणार? अहवाल तिथेच लिहिला गेला, माझ्या पोत्यांच्या वजनकाट्यावर कागद ठेवून. 'अखाद्य मोह तेलाचे इंधन कडाक्याच्या थंडीतही समाधानकारक.' खाली सही कुणाची? लाभार्थ्याची! मी केली. तोंड उघडून सांगायला हवं होतं, साहेब, हे तुमचं इंधन नाही, ही माझ्या आईची कढई आहे. नाही सांगितलं. यंत्र गेलं असतं ना.

संध्याकाळी ताट आलं पुढे. सणाचं ताट. त्यात अंगाकर रोटी, निखाऱ्यावर भाजलेली, कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, "दाई..." म्हणाली, "आज तुझ्या इंजिनानं माझ्या वाट्याचं खाल्लं, आता तू माझ्या वाट्याचं खा." सहा महिन्यांनी ताटावर बोलली हो माझ्याशी, आणि हे बोलली. मी ती रोटी खाल्ली. इतकी गोड लागली. तिच्या पाया पडलो. म्हणाली, "ऊठ. टोरीला परत हात लावलास तर कण्यांना विकून टाकीन, आणि या वेळी परत घेणार नाही."

नाही लावला. तिच्या दोन झाडांखाली मी जात नाही. यंदा तिचं तेल निघालं, चांगलं निघालं, भाजीत आहे, बांगड्या परत मनगटाला आल्यात, ते एक बरं झालं. पण माझी भानगड ऐका. यंदा थंडी पडली, इंधन परत थिजलं, मी कचेरीला अर्ज केला, साहेब, पिंपाला हीटर द्या. उत्तर आलं. वाचू? पाठ आहे मला. 'अहवालानुसार सदर इंधनास थंडीत कोणतीही अडचण नाही. सबब हीटर नामंजूर.' आणि त्याला जोडून माझ्याच सहीची नक्कल पाठवली! हफीज मिस्त्रींनी वाचलं आणि इतके हसले की त्यांचा पाना हातातून पडला. पटेरिया साहेबांची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात, बढतीवर. मी आहे इथेच. लाभार्थी.

मग राहिलं काय? चूल. कॅन चुलीजवळ तासभर ठेवला की लोण्यासारखं वितळतं, तेच तर त्या दिवशी शिकलो. पण चूल कुणाची? दाईची. आणि दाईनं अट घातलीय. म्हणाली, "माझ्या चुलीशी तुझं ते अखाद्य ठेवायचं तर फुकट नाही. मागायचं. जसं मागितलंस तसंच मागायचं." सण वर्षातून एकदा येतो हो, सगळ्या डोंगरात एकदा येतो, आणि माझ्या दारात या थंडीत, अगहन म्हणजे मार्गशीर्षापासून, रोज सकाळी येतो! शेजारचे लोक दात घासायचे थांबतात बघायला. पोरं झोळ्या घेऊन मागे उभी राहतात, त्यांना वाटतं मिळेल काहीतरी, आणि मिळतंही, त्यांना ती गूळ देते.

म्हणून म्हणत होतो, ऊन येऊ द्या. तुमच्यासमोर नको होतं मला. पण ऊन काही आज लवकर येत नाही, ढग आलाय त्या टेकडीवर. आणि त्या बाई कधीपासून पोत्यावर बसल्यात, घरी तांदूळ नसेल. बरं. द्या तो कॅन इकडे. हसायचं नाही कुणी, म्हातारबाबा, तुम्ही तर मुळीच नाही, तुम्ही अखाद्यच खाल्लंय जन्मभर.

छेरछेरा.

ऐकलंत, आतून काय म्हणते? मोठ्यानं म्हण, म्हणते, पाहुणे आलेत.

छेरछेरा, दाई!